वाफ कुठून घ्यायची? पुण्यातला बॉयलर, गॅस, वीज आणि छोटी अणुभट्टी

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने शांती कायदा मंजूर केला आणि खासगी कंपन्यांना परवाना घेऊन अणुऊर्जा केंद्र उभारायची वाट मोकळी झाली. तेव्हापासून चाकण, रांजणगाव, कुरकुंभच्या कारखान्यांत वाफ-वीज सांभाळणाऱ्या युटिलिटीवाल्यांकडून एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. बॉयलर बदलायला झालाय, पण छोट्या अणुभट्ट्या येतायत म्हणतात. त्या वीजही देणार आणि वाफही. मग आत्ता पैसे घालायचे की थांबायचं?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: थांबू नका. मात्र थांबू नका म्हणण्यामागे जी कारणं चहाच्या टपरीवर ऐकू येतात, ती माझी नाहीत. तापमान आणि वाफेचा चालू खर्च, या दोन्ही कसोट्यांवर अणुभट्टी भल्याभल्यांना मागे टाकते. घोडं अडतं ते आकार, जागा आणि वेळ या तीन ठिकाणी. ते कसं, हे कळायला सगळे पर्याय एका मापाने मोजावे लागतील. ते माप म्हणजे एक टन वाफ.

आधी स्वतःचा भार

वाफ आणि वीज एकाच इंधनातून काढणं पुणे जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. बारामती-इंदापूरकडचा कोजन (सहवीजनिर्मिती) असलेला कुठलाही साखर कारखाना बघा. बगॅस जाळून उच्च दाबाची वाफ करायची, टर्बाइनमधून वीज काढायची आणि टर्बाइनच्या शेपटाकडून निघालेल्या दोन-अडीच बारच्या (बार हे दाबाचं माप) वाफेवर रस आटवायचा. हीच वाफ कंडेन्सरमध्ये थंड केली असती, तर इंधनातली निम्म्याहून जास्त उष्णता कूलिंग टॉवरमधून आभाळात गेली असती. हे गणित जमतं, कारण वाफेचं गिऱ्हाईक टर्बाइनच्या शेजारीच बसलेलं असतं. पुढे अणुभट्टीकडे येऊ तेव्हा हा शेजार लक्षात ठेवा.

आता आपल्या एमआयडीसीतला भार. पेंट शॉपच्या प्रीट्रीटमेंटच्या टाक्या ५०-६० अंशांवर चालतात. दुधाचं पाश्चरायझेशन ७२ अंशांवर होतं. कुरकुंभकडच्या औषध आणि रसायन कारखान्यांत रिअ‍ॅक्टरच्या जॅकेटला तीन ते सात बारची वाफ लागते, म्हणजे १४५ ते १७० अंश. रबर क्युअरिंग त्याच्या थोडं वर. यातलं काहीच २०० अंशांपलीकडे जात नाही. फाउंड्रीतली इंडक्शन फर्नेस १५०० अंशांवर, हीट ट्रीटमेंट ८५०-९५० वर. पण ती कामं वाफेची नव्हेतच, त्यामुळे या आढाव्यातून ती सोडून देतो.

तापमानापेक्षा महत्त्वाचं आहे टनेज. आपल्याकडचे बहुतेक बॉयलर ताशी दोन ते दहा टनांचे. ताशी पाच टन म्हणजे सुमारे सव्वातीन मेगावॉट उष्णता. ही संख्या खिशात ठेवा.

आणि बॉयलर बदलायच्या आधी एक फेरी मारा. भोसरीतल्या एका कारखान्यात बॉयलर साडेदहा बारवर चालतो, पीआरव्ही, म्हणजे दाब उतरवणारा व्हॉल्व्ह, तो तीनवर आणतो, आणि कंडेन्सेट, म्हणजे वापरलेल्या वाफेचं झालेलं पाणी, थेट गटारात जातं. थंडीच्या दिवसांत सकाळी सातला गटाराच्या जाळीतून वाफा निघताना दिसतात. ते पाणी ८५-९० अंशांचं, सॉफ्टनरमधून गेलेलं, पैसे मोजून तापवलेलं. फीडवॉटर (बॉयलरमध्ये जाणारं पाणी) सहा अंशांनी वाढलं की एक टक्का इंधन वाचतं, हा बॉयलर हाऊसमधला जुना हिशेब. थंड पाण्याऐवजी ते कंडेन्सेट परत आणलं तर दहा टक्के तिथेच सुटतात. कुठल्याही तंत्रज्ञानाची वाट बघावी लागत नाही, फक्त एक पंप आणि लॅगिंग केलेली पाइपलाइन लागते. जिथे वाफ ताशी दहा टनांच्या आसपास आणि बॉयलर सतरा बारचा आहे, तिथे पीआरव्हीच्या जागी, दाब उतरवता उतरवता वीज काढणारं लहान बॅकप्रेशर टर्बाइन बसवलं तर तीन-साडेतीनशे किलोवॅट वीज मिळते. हाही कोजनच, फक्त त्याची बातमी होत नाही.

एका टनाचा हिशेब

सात बारची एक टन वाफ, फीडवॉटर ८० अंशांवर. तिला पाइप गॅस लागतो साधारण ७५ ते ८० घनमीटर, चांगली ब्रिकेट (भुसा दाबून केलेलं इंधन) सुमारे २०० किलो, आणि इलेक्ट्रिक बॉयलर असेल तर ६९० युनिट वीज. समजुतीसाठी गॅस ५५ रुपये, ब्रिकेट ८ रुपये किलो आणि वीज साडेआठ रुपये युनिट धरली तर टनामागे गॅसला सव्वाचार हजार, ब्रिकेटला सोळाशे आणि विजेला पावणेसहा हजार रुपये पडतात. तुमच्या बिलातले दर घालून बघा. रक्कम बदलेल, क्रम सहसा बदलत नाही.

मग सगळे ब्रिकेटवर का जात नाहीत? जातायत, आणि पस्तावणारेही त्यांच्यातच आहेत. ब्रिकेटचा भाव किलोवर ठरतो आणि उष्णता ओलाव्यावर. पावसाळ्यात गाडी आली की एक तुकडा हातात घेऊन मोडायचा. सुकी ब्रिकेट कट्‌कन तुटते आणि आतून भुश्शाचे घट्ट थर दिसतात; ओली बोटांत कुस्करते. त्यात माती मिसळलेली असेल तर जाळीवर क्लिंकर (वितळून घट्ट झालेली राख) धरतो आणि रात्रपाळीचा अटेंडंट सळई घेऊन तो फोडत बसतो. साठवायला शेड हवी, शेडला आगीची धास्ती, राखेची विल्हेवाट, चिमणीच्या धुराचं मोजमाप. जागा आणि हाताखाली माणसं असतील तर तीन ते पंधरा टनांच्या भाराला आज तरी याच्याइतकं स्वस्त काही नाही. मात्र पुरवठादार दोन ठेवा, आणि करार किलोवर न करता उष्मांकावर करा.

गॅस स्वच्छ आणि बिनकटकटीचा. भाव मात्र जागतिक बाजाराच्या हातात. युक्रेन युद्धानंतर २०२२ मध्ये एलएनजीने जी उडी मारली, ती इथल्या अनेकांना चांगली आठवते. गॅस खरा शोभतो तो कोजनमध्ये. गॅस इंजिन इंधनातल्या चाळीसेक टक्क्यांची वीज करतं. उरलेल्यातली काही उष्णता वाया जाते; जी परत मिळवता येते तिच्यातली साधारण निम्मी एक्झॉस्टमधून वाफेसाठी मिळते आणि निम्मी इंजिन थंड करणाऱ्या जॅकेट वॉटरमधून ९० अंशांच्या गरम पाण्याच्या रूपात. मेगावॉटमागे वाफ मिळते जेमतेम ताशी अर्धा-पाऊण टन. म्हणजे वीज जास्त आणि वाफ कमी लागणाऱ्यांचं हे यंत्र. वाफ जास्त हवी असेल तर गॅस टर्बाइन, मेगावॉटमागे दोन टनांच्या पुढे. पण लहान टर्बाइनची वीज करण्याची कार्यक्षमता बेताची असते. ज्या कारखान्यात ते ९० अंशांचं पाणी खपवायला जागा नाही, तिथे गॅस इंजिनचं कागदावरचं गणित प्रत्यक्षात येत नाही. प्रस्ताव आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा.

विजेवर सरसकट वाफ करणं महाग, हे वर दिसलंच. पण ज्यांचं काम ८० अंशांच्या आत भागतं, त्यांनी वाफ करायचीच कशाला? हीट पंप एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देतो. वरच्याच उष्णतेला २३० युनिट, म्हणजे दोन हजारांच्या आत. ओपन अ‍ॅक्सेसची, म्हणजे थेट उत्पादकाकडून घेतलेली सौर वीज असेल तर आणखी खाली. डेअरी, पेंट शॉपच्या टाक्या, बाटल्या धुण्याचं गरम पाणी यांना माझं मत सरळ हीट पंपाला. कितीतरी ठिकाणी १७० अंशांची वाफ केवळ ५५ अंशांचं पाणी तापवायला वापरली जाते. असे दोन-तीन भार काढून टाकले की पाच टनांचा बॉयलर तीन टनांचा होतो.

आता अणुभट्टी, याच मापाने

अणुभट्टीतून वाफ घ्यायची म्हणजे टर्बाइनमध्ये अर्धं काम करून झालेली वाफ मधूनच बाहेर काढायची. ती तशीच गिऱ्हाईकाकडे जात नाही. मध्ये हीट एक्स्चेंजर असतो आणि कारखान्याकडे येते ती दुसऱ्या, वेगळ्या पाण्याची वाफ. पाच-सहा बारची एक टन वाफ अशी काढली की केंद्राची वीज घटते साधारण सव्वाशे-दीडशे युनिटांनी. युनिटचा दर सहा रुपये धरला तरी टनाला ७५० ते ९०० रुपये. ब्रिकेटच्या निम्मे! राख नाही, चिमणी नाही, पावसाळ्याची भीती नाही. नळाचा, एक्स्चेंजरचा आणि राखीव बॉयलरचा खर्च यात धरलेला नाही, तो वेगळा. पण अणुऊर्जेतली उष्णता परवडत नाही असं ठोकून देणाऱ्यांनी हा हिशेब एकदा बघावा.

हे नुसतं कागदावरचंही नाही. स्वित्झर्लंडमधलं गोसगेन केंद्र १९७९ पासून शेजारच्या पुठ्ठ्याच्या कारखान्याला वाफ देतंय. अंतर दोन किलोमीटरच्या आत. चीनमधल्या तियानवान केंद्राने जून २०२४ मध्ये लिअन्युनगांगच्या पेट्रोकेमिकल संकुलाला वाफ सुरू केली: नळ तेवीस किलोमीटरहून लांब, वर्षाला ४८ लाख टन. रशियाच्या पेवेक बंदरात तरंगत्या बार्जवरच्या ३५-३५ मेगावॉटच्या दोन भट्ट्या २०२० पासून गावाला वीज आणि ऊब दोन्ही देतात. आपल्याकडे तर हे कधीच झालंय. राजस्थानात रावतभाट्याच्या अणुकेंद्राची वाफ शेजारच्या जड पाण्याच्या प्रकल्पाला जायची, आणि कल्पाक्कमला केंद्राच्या उष्णतेवर समुद्राचं पाणी गोडं केलं जातं.

रावतभाट्याची एक गोष्ट मात्र निर्णय घेणाऱ्याने नीट बघावी. भट्ट्या बंद पडल्या तर जड पाण्याचा प्रकल्प अडू नये म्हणून तिथे तेलावर चालणारा वेगळा वाफ प्रकल्प उभारावा लागला. म्हणजे अणुभट्टी आली तरी बॉयलर जात नाही, तो राखीव म्हणून उभाच राहतो. तुमचा आजचा खर्च वाया जाईल ही भीती त्यामुळे अनाठायी आहे.

छोटी, पण केवढी

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या हिशेबात ३०० मेगावॉटपर्यंत विजेची भट्टी छोटी. भारतात खासगी उद्योगांपुढे सध्या ठेवलेली आहे ती २२० मेगावॉटची भारत स्मॉल रिअ‍ॅक्टर, म्हणजे कैगा, नरोरा, काक्रापारला वर्षानुवर्षं चालत आलेली जड पाण्याचीच भट्टी, नव्या रूपात. सरकारी अणुवीज कंपनी एनपीसीआयएलने ३१ डिसेंबर २०२४ ला त्यासाठी प्रस्ताव मागवले. पैसा, जागा आणि पाणी उद्योगाचं. बांधकामावर देखरेख आणि चालवणं एनपीसीआयएलचं. वीज उद्योगाच्या वापराला. तिची वाफ ४० बार, २५० अंशांची. आपल्या कामाला तापमान भरपूर. पण प्रमाण ताशी तेराशे टन! चाकणच्या पाच टनी बॉयलरच्या भाषेत २६० कारखाने. हे म्हणजे घरच्या चहासाठी लग्नाच्या स्वयंपाकाचा हंडा चुलीवर चढवणं.

याहून लहानही आहेत, आराखड्यात. भाभा अणुसंशोधन केंद्र २०० मेगावॉटची आणि ५५ मेगावॉटची अशा दोन भट्ट्या विकसित करतंय. पहिल्या दोन्ही तारापूरला उभ्या राहायच्या आहेत. मंजुरीनंतर बांधकामाला ६० ते ७२ महिने असं सरकारने संसदेत सांगितलंय. २०२५ च्या अर्थसंकल्पात वीस हजार कोटी ठेवून २०३३ पर्यंत निदान पाच देशी छोट्या भट्ट्या चालू करण्याचं उद्दिष्ट आहे. तिसरी, विशाखापट्टणमला होऊ घातलेली, गंमतीची आहे: वायूने थंड होणारी, पाच मेगावॉट उष्णतेची. म्हणजे ताशी सात-साडेसात टन वाफ, अगदी आपल्या मापाची. पण ती हायड्रोजनच्या प्रयोगासाठी आहे, विक्रीला नाही.

किमतीचं काय? राजस्थानात माही बांसवाड्याला ७०० मेगावॉटच्या चार भट्ट्यांचा अंदाज ४२ हजार कोटींचा, म्हणजे मेगावॉटला पंधरा कोटी. कॅनडात डार्लिंग्टनला ३०० मेगावॉटच्या पहिल्या छोट्या भट्टीला, सामाईक कामं धरून, ७७० कोटी कॅनेडियन डॉलर मंजूर झाले. रुपयांत मेगावॉटला दीडशे कोटींच्या आसपास. दोन देशांतली मजुरी, व्याज, नियम वेगळे, त्यामुळे ही तुलना ढोबळच. तरी दहापट फरक नजरेआड करता येत नाही. अमेरिकेत युटामधल्या वीजमंडळांसाठी आखलेला न्यूस्केल कंपनीच्या छोट्या भट्ट्यांचा प्रकल्प मेगावॉट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गुंडाळला गेला. लहान म्हणून स्वस्त, हे अजून कुणी बांधून दाखवलेलं नाही. कारखान्यात साच्यातून काढल्यासारख्या पन्नास भट्ट्या निघाल्या तर पडेल भाव. पण पहिली चार गिऱ्हाइकं त्याचा भुर्दंड भरतील. त्यांच्यात आपण असू नये, एवढंच माझं म्हणणं.

जागा आणि पाणी

पुण्यापुरता प्रश्न खरं तर इथेच निकालात निघतो. भट्टीभोवती वस्ती नसलेलं वर्तुळ लागतं. एक किलोमीटर त्रिज्या धरली तर ३१४ हेक्टर, पावणेआठशे एकर. त्रिज्या अर्धी करायची चर्चा आहे, म्हणजे एकशे नव्वद-पंचाण्णव एकर. चाकणमध्ये एकराचा भाव विचारून बघा! अणुऊर्जा नियामक मंडळाच्या १९९० च्या संहितेत ३० किलोमीटरच्या आत लाखाच्या वर वस्तीचं गाव नसावं अशी अपेक्षा होती. २०११ च्या जनगणनेतच पिंपरी-चिंचवड सतरा लाखांचं होतं, आणि त्याच्या वेशीपासून चाकण हाकेच्या अंतरावर. नवीन छोट्या भट्ट्यांसाठी हे निकष सैल व्हावेत असं म्हणणाऱ्यांचे मुद्दे मला पटतात. काही रचनांत पंपाविना, आपोआप थंड होण्याची सोय खरोखर चांगली आहे. पण नियम सैल झाल्यावर पहिला अर्ज पन्नास लाखांच्या महानगराच्या कडेला मंजूर होईल, यावर मी पैज लावणार नाही. जैतापूरला काय झालं ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

पाणीही कमी नाही. २२० मेगावॉटची भट्टी निव्वळ विजेसाठी चालवली तर कूलिंग टॉवरमधून रोज सव्वा-दीड कोटी लिटर पाणी उडून जाईल. भामा आसखेडच्या पाण्यावरून शहर आणि शेतकरी यांच्यात किती ताणाताणी झाली, हे खेड तालुक्यात कुणालाही विचारा. वाफ विकली तर तेवढी उष्णता टॉवरमध्ये जात नाही आणि पाणी वाचतं; संयुक्त उत्पादनाचा हा फायदा पुण्यासारख्या ठिकाणी विजेपेक्षाही मोठा. पण त्यासाठी हजार टनांची गिऱ्हाइकं भट्टीच्या दहा-वीस किलोमीटरांत हवीत. गुरुवारी भोसरी-चाकणची सुट्टी, तेव्हा वाफ टर्बाइनकडे वळवून वीज विकता येईल, तो अडसर नाही. अडसर हा की रोजचीसुद्धा तेवढी वाफ इथे एका जागी खपत नाही.

मग कोणी काय करावं

दहा टनांच्या आतल्यांनी अणुभट्टीचा विचार डोक्यातून काढावा. आधी कंडेन्सेट, मग कमी तापमानाचे भार हीट पंपावर, आणि उरलेल्या वाफेला ब्रिकेट किंवा गॅस. जागा बघून ठरवा. बॉयलरचं आयुष्य पंधरा-वीस वर्षं. तारापूरच्या पहिल्या भट्ट्या वेळेत झाल्या, तरी तुमच्या आजच्या बॉयलरचं निम्मं आयुष्य तोवर संपलेलं असेल. आज थांबून हाती लागेल ते फक्त गॅसचं बिल.

ज्या समूहांचे शंभर टनांच्या वरचे प्रकल्प गुजरातच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर आहेत आणि मुख्यालय फक्त पुण्यात, त्यांनी मात्र आत्तापासून लक्ष घालावं. टेक्सासमध्ये सीड्रिफ्टच्या कारखान्यासाठी डाऊ कंपनी एक्स-एनर्जीच्या ८० मेगावॉटच्या चार भट्ट्यांच्या मागे आहे; बांधकाम परवान्याचा अर्ज मार्च २०२५ मध्ये गेला. वाफ ५६५ अंशांची, गिऱ्हाईक कुंपणाच्या आत. तिथलं काय होतं ते बघून पाऊल टाकावं.

पुण्याला या धंद्यात दुसऱ्या बाजूने मोठी जागा आहे. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला साखर कारखान्यांची यंत्रं आणि अणुभट्टीचं कॅलेंड्रिया (गाभ्याचं मोठं भांडं) एकाच आवारात घडली. छोट्या भट्ट्या विकसित करणाऱ्या अमेरिकेच्या होल्टेकची आशियाई शाखा पुण्यात आहे, आणि मार्च २०२५ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याने तिला तंत्रज्ञान देण्याची परवानगी दिली. व्हॉल्व्ह, पंप, हीट एक्स्चेंजर बनवणाऱ्या पिंपरी-चिंचवडच्या लघुउद्योजकांनी वाफ विकत घेण्यापेक्षा या ऑर्डरींकडे बघावं.

राहता राहिला कुरकुंभ. रसायनांचे कारखाने एकमेकांना खेटून, दिवसरात्र चालणारे, प्रत्येकाचा स्वतंत्र बॉयलर आणि स्वतंत्र चिमणी. सुरतजवळच्या सचिनमध्ये आणि अंकलेश्वर-वापी पट्ट्यात सामाईक बॉयलरची वाफ पाइपमधून कारखान्यांना विकली जाते, मीटर लावून. इथेही ते आज होण्यासारखं आहे, ब्रिकेटवर. वाफेचं सामाईक जाळं एकदा टाकलं की त्याच्या टोकाला पुढे कुठलाही उष्णतेचा स्रोत जोडता येतो, अणूचासुद्धा. आणि जिथे दहा मालक एका बॉयलरवर एकत्र येत नाहीत, तिथे ते एका भट्टीवर येतील हे सोडूनच द्या. तेव्हा असोसिएशनची बैठक बोलवायची असेल तर विषयपत्रिकेवर तीनच गोष्टी ठेवा: मीटर कोणाचं, किमान किती टनांचे पैसे वापर नसला तरी भरायचे, आणि दाब पडला तर पहिला व्हॉल्व्ह कोणाचा बंद करायचा.